थोरोचं ऊन

आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हाचं कौतुक केलेलं मी तरी कधी ऐकलेलं नाही. पाऊस गेलेला, थंडी यायची आहे आणि मधल्या दिवसांत घामाच्या धारा! 'ऑक्टोबर हीट' हे शब्द आपण कपाळाला आठ्या घालूनच उच्चारतो. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र सगळं उलटं. रात्री दंव गोठून सकाळी गवत पांढरं दिसायला लागतं, लोक कपाटातून जाड कोट काढतात आणि मग अचानक चार दिवस छान ऊबदार ऊन पडतं. त्याला इथे 'इंडियन समर' म्हणतात. (मंडळी, यातले 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, इथले मूळ रहिवासी!) १७७८ च्या सुमाराच्या लिखाणातही हा शब्द सापडतो, म्हणजे या उन्हाचं अप्रूप बरंच जुनं आहे.

हे ऊन मनापासून उपभोगणारा एक माणूस इतिहासात होऊन गेला. हेन्री डेव्हिड थोरो. आपल्याला तो माहीत असतो तो गांधीजींमुळे. कर भरायला नकार दिला म्हणून जुलै १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढणारा आणि त्यावर निबंध लिहिणारा. पण तुरुंगाची ती रात्र आली तेव्हा तो राहत होता कुठे? कॉन्कर्ड गावाबाहेर, वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी, स्वतः बांधलेल्या घरात. दुर्गाबाई भागवतांनी त्याच्या पुस्तकाचा 'वॉल्डनकाठी विचारविहार' हा अनुवाद केला, त्यामुळे मराठी वाचकाला हे तळं तसं परकं नाही.

घर म्हणजे तरी काय, दहा फूट बाय पंधरा फुटांची एक खोली. आपल्या चाळीतली खोली असते साधारण तेवढीच. जमीन मित्राची, राल्फ वाल्डो इमर्सनची. खर्च आला २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. हा हिशेब त्याने पुस्तकात खिळ्यांसकट मांडलाय. ४ जुलै १८४५ ला तो तिथे राहायला गेला तेव्हा भिंतींना गिलावा नव्हता, धुराडंही नव्हतं. फळ्यांच्या फटींतून वारा आत यायचा. जुलैत ते सुखाचंच होतं, पण पानगळ सुरू झाली तशी गोष्ट बदलली.

आणि इथेच मला त्याची गंमत वाटते. तो जुन्या विटा साफ करून सावकाश धुराडं बांधत होता. स्वयंपाक बाहेर, मोकळ्यावर. ऑक्टोबरात हजारो गांधीलमाश्या थंडीसाठी आसरा शोधत त्याच्या घरात शिरल्या, खिडक्यांवर, भिंतींवर बसल्या. त्याने त्यांना हाकलण्याची फारशी तसदी घेतली नाही. उलट आपलं घर त्यांना राहण्यालायक वाटलं याचंच त्याला बरं वाटलं! नोव्हेंबरात तो तळ्याच्या ईशान्य काठावर जाऊन बसायचा. तिथे समोरच्या पाइनच्या झाडांवरून आणि दगडी किनाऱ्यावरून परतणारी ऊब मिळायची. जोवर सूर्य ऊब देतो आहे तोवर लाकूड कशाला जाळायचं, हा त्याचा साधा हिशेब. एरवीही अशा स्वच्छ दिवशी उंचावरच्या एखाद्या तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बसून पाण्यावर उठणारी वर्तुळं बघत राहायची, हा त्याचा आवडता उद्योग.

लोकांना हा आळस वाटायचा. मला तसं वाटत नाही. थंडी किती जवळ आली आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाचं ते ऊन खाणं होतं. त्या वर्षी तळं पूर्ण गोठलं ते २२ डिसेंबरच्या रात्री. हे आज आपल्याला माहीत आहे, कारण त्याने ते लिहून ठेवलं. पुढच्या वर्षांतही तळं कधी गोठलं, बर्फ कधी फुटलं, सगळं तारखांसकट आहे. ६ सप्टेंबर १८४७ ला त्याने तळ्याकाठचं घर सोडलं, पण नोंदींची सवय सुटली नाही. १८५१ ते १८५८ या काळात कॉन्कर्डच्या परिसरात कुठलं फूल कोणत्या तारखेला उमललं, याच्या शेकडो नोंदी त्याने केल्या. १८६२ मध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, तो क्षयाने गेला.

दीडशे वर्षांनी बॉस्टन विद्यापीठातले रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे सहकारी त्या नोंदी घेऊन त्याच परिसरात हिंडले. काय दिसलं? त्यांनी तुलना केलेली वसंतातली फुलं आता थोरोच्या काळापेक्षा सरासरी आठवडाभर आधी फुलतात. त्याने नोंदवलेल्या वनस्पतींपैकी पावापेक्षा जास्त जाती कॉन्कर्डमध्ये आता सापडतच नाहीत. ऊन खात, रानात भटकत केलेली ती टिपणं बदलत्या हवामानाचा पुरावा ठरली!

गेल्या ऑक्टोबरात मी तिथे गेलो होतो. घर आता नाही. ते विकलं गेलं, दुसरीकडे हलवलं गेलं आणि १८६८ मध्ये मोडलं. त्याच्या धुराड्याचा पाया १९४५ मध्ये रोलंड रॉबिन्स या हौशी माणसाने खणून शोधला. आज तिथे दगडी खांबांची चौकट आहे. पार्किंगजवळ घराची प्रतिकृतीही उभी केली आहे. मी काठावर बसलो. अंगावर नुसता शर्ट, पाठीवर मऊ ऊन, समोर लाल-पिवळी झाडं. सुख म्हणजे हेच, असं वाटत होतं आणि त्याच वेळी मनात शंका, हे ऊन जुनंच आहे की नवं? ठरवता येईना. एका दिवसावरून ते ठरत नाहीच. त्यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं असावं लागतं.

तिथे मला आमचे आजोबा आठवले. कालनिर्णयच्या पानांवर दुधाच्या हिशेबाशेजारी बारीक अक्षरात ते लिहायचे. 'पहिला पाऊस, दुपारी चार.' 'आंब्याला मोहोर.' 'आज पंखा लावला.' आम्ही मुलं हसायचो. थोरोपेक्षा ते काही वेगळं करत नव्हते, फक्त त्यांचं तळं म्हणजे मागची विहीर होती, एवढंच.

तर दादा, हे वाचत असशील तर ऐक. माळ्यावरच्या ट्रंकेत त्या जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा आहे. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत तो रद्दीत घालू नकोस. आणि जमलंच तर पंखा कधी लावलास, तेही लिहून ठेव.