पवनचक्क्या आणि कालचा वारा

वीजक्षेत्रातल्या मंडळींच्या तोंडी कळव्याचं नाव सतत असतं, ते राज्य भार प्रेषण केंद्रामुळे. केंद्र आहे ठाणे-बेलापूर रस्त्यावर, ऐरोलीत; ओळख मात्र कळव्याची. राज्यात किती वीज तयार होते आणि किती खपते, याचा मेळ इथे क्षणोक्षणी घातला जातो. साताऱ्याच्या पठारांवर वारा पडला, की दुसरीकडची वीज वाढवावी लागते. तेव्हा वारा किती मिळणार, हा प्रश्न इथे पुस्तकी नाही.

त्याचा पद्धतशीर शोध घेतला अण्णा मणी यांनी. पुण्याच्या वेधशाळेत हवामानाची उपकरणं देशातच घडवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर त्यांनी देशभरातल्या वाऱ्याच्या नोंदी तपासायला घेतल्या. एका सहकाऱ्यासोबत केलेला त्यांचा नोंदींचा ग्रंथ १९८३ साली निघाला. जागा निवडायला त्याचा मोठा आधार झाला. पण अशा हिशोबात एक गोष्ट न बोलता धरलेली असते: काल वाहिला तसाच वारा उद्याही वाहील.

१९९०च्या दशकाअखेरीपासून वनकुसवडे, चाळकेवाडीच्या सड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पर्यावरणीय आघाताच्या मूल्यांकनाची अधिसूचना २७ जानेवारी १९९४ चीच होती. तिच्या यादीत पवनऊर्जा नव्हती. २००६ च्या नव्या अधिसूचनेतही आली नाही. जमीन वनखात्याची असेल, तर १९८०च्या कायद्याखाली परवानगी लागे, तेवढंच. धूर नाही, राख नाही, मग तपासायचं काय?

तपासण्याजोगं होतं. चाळकेवाडीवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. त्यांचा धाक सरल्याने गळ्याला रंगीत पंखा असणारे सरडे वाढले होते, आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते!

त्याच वर्षी दुसरा अभ्यास आला, थेट वाऱ्यावरचा. हिंदी महासागर तापतो आहे, त्यामुळे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक घटतो, आणि मोसमी वारा मंदावतो. १९८० पासून भारताची पवनऊर्जा-क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसलं; पश्चिम भारतात घट अधिक. पुढच्या काळाबद्दल संगणकी प्रतिरूपांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. पण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग १० टक्क्यांनी घटला तर शक्ती किती उरेल? मुलांना वर्गात करू द्या: ०.९ चा घन ०.७२९. म्हणजे २७ टक्के तूट!

हवामानबदल आपल्या आराखड्यांत येतो तो बहुधा 'इतका कोळसा वाचला' या एकाच रकान्यात. तोच बदल पवनचक्कीचा वारा आणि सड्यावरचं जीवन दोन्हींना गाठू शकतो, यासाठी रकानाच नाही. माझ्या मते ही त्रुटी यादीतून वगळण्याहून मोठी आहे.

पवनचक्कीचं आयुष्य २०-२५ वर्षं धरतात. सड्यांवरच्या पहिल्या यंत्रांचं ते भरत आलं आहे. जुन्यांच्या जागी मोठी यंत्रं बसवण्याचं केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं, २०२३ मध्ये सुधारलं गेलं. नवी यंत्रं चालायची ती २०४५-५० पर्यंत. त्यांच्यासाठी कोणत्या वर्षांचा वारा धरायचा, आणि सड्यावर ससाणे किती उरलेत हे कोणी मोजायचं, हे ठरवायची वेळ पाया खणण्याआधीची आहे.