मुक्ताचा निबंध ते 'फकिरा' : मधली १०४ वर्षं कुठे गेली?

आपली पोरं इतिहास पाठ्यपुस्तकातून कमी आणि कादंबरीतून जास्त शिकतात. तलवार, घोडा, किल्ला, भुयार, आणि संकटात सापडलेला एखादा तरुण. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेतही सगळ्यात आधी फाटतात ती हीच पुस्तकं. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न इतकाच, की या पुस्तकांत संकट नेमकं कोणाच्या पोरावर येतं?

मराठी कादंबरीची सुरुवात बहुतेक अभ्यासक १८५७ च्या 'यमुनापर्यटन'पासून धरतात. बाबा पदमनजींनी त्यात विधवांचं दुःख मांडलं. ते दुःख खरं होतं, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १८५५ मध्ये, 'ज्ञानोदय'मध्ये एक निबंध छापून आला होता. लिहिणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. विषय मांग-महारांच्या दुःखाचा.

त्या निबंधात काय नाही? इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेली माणसं आहेत. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्याचं शिर कापून त्याचा चेंडू केल्याचं आहे. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नाही, हे आहे. आणि वरच्या जातीच्या मुलांनी दगड मारून रक्त काढलं तरी तक्रार न करणारी आपली मुलं आहेत, कारण उद्या शिळ्या तुकड्यासाठी त्यांच्याच दारात जायचं असतं. म्हणजे ऐतिहासिक कादंबरीला लागणारा सगळा ऐवज १८५५ साली छापील स्वरूपात हजर होता. कादंबरीकारांनी तो उचलला नाही.

त्यांनी काय उचललं ते बघा. १८६१ ची हळब्यांची 'मुक्तामाला' आणि तिच्या मागून आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या. इथे हालअपेष्टा असतात, वनवास असतो, कैद असते. पण नायक-नायिका चांगल्या कुळातली. संकट म्हणजे मधली अडचण. शेवटी ज्याचं त्याला परत मिळतं. जन्माने ज्याच्या वाट्याला काहीच आलेलं नाही, त्याला परत काय मिळणार? (आजच्या मालिकांतही गरीब नायक शेवटी बड्या घरातला निघतो.)

मग १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' आली, पहिली ऐतिहासिक कादंबरी. त्याच वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. हा योगायोग आहे, पण लक्षात ठेवावा असा. एकीकडे शिक्षित मराठी माणूस गडकोटांच्या आठवणीत स्वतःचा गौरव शोधत होता, दुसरीकडे जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा कायदा कागदावर उतरत होता. तो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला. हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाल'मध्ये किल्लेदाराचा मुलगा कोणाच्या बाजूने उभं राहायचं या पेचात पडतो. आपट्यांची लेखणी थोर, वाद नाही. पण निवड करता येणं हीसुद्धा मिरासदारीच. हजेरी द्यायला चावडीवर जाणाऱ्या पोराला कसली निवड?

तो पोर मराठी कादंबरीचा नायक व्हायला १९५९ उजाडलं. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी 'फकिरा' लिहिली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. राणोजी शिगावची जोगिणी आपल्या गावात आणतो, गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून, आणि त्यात त्याचं शिर जातं. बौद्ध म्हणून आम्हाला त्या जोगिणीचं काही कौतुक नाही. पण कळ तिथेच आहे : ज्या गावाने मांगवाडा वेशीबाहेर ठेवला, त्याच गावाच्या इभ्रतीसाठी तो मेला. मागे राहिली राधाई आणि तिची फकिरा-साधू ही पोरं. पुढे दुष्काळ पडतो. माणसं भुकेने मरू लागतात तेव्हा फकिरा धान्य लुटून आणतो आणि सरकारच्या कागदावर दरोडेखोर ठरतो.

अण्णा भाऊंनी घोडा सोडला नाही, तलवार सोडली नाही, रात्रीची दौड सोडली नाही. अद्भुतरम्य कादंबरीचा सगळा सरंजाम त्यांनी वापरला. फक्त फकिरा शेवटी राजपुत्र निघत नाही. तो मांगच राहतो.

काही कार्यकर्ते म्हणतात, त्यात विष्णुपंत कुलकर्णी एवढा भला का दाखवलाय? आम्हाला हा आक्षेप उथळ वाटतो. विष्णुपंत भला आहे, तरी मांगवाड्याची भूक आणि हजेरी संपत नाही. एका माणसाच्या भलेपणाने व्यवस्था हलत नाही, हे त्या पात्रामुळेच उघडं पडतं. खरा आक्षेप घ्यायचा तर राधाईबद्दल घ्यावा. नवरा गमावून पोरं वाढवणारी ही बाई कादंबरीत आहे, पण मध्यभागी नाही. मुक्ताने बाळंतिणीबद्दल लिहिलं होतं. तो धागा अण्णा भाऊंच्याही हातून निसटला.

येत्या १ ऑगस्टला डीजे ठरवण्याआधी प्रत्येक मंडळाने एक बैठक लावावी. मुक्ताचा निबंध छोटा आहे, एखाद्या मुलीने तो मोठ्याने वाचावा. त्यानंतर 'फकिरा'तला दुष्काळाचा भाग. आणि जी पोरं राक्षस-जादूच्या गोष्टी लिहितात, त्यांना पुढे बसवा. राधाईवर कोण लिहितंय, ते त्यांनाच विचारू.