पंचगंगेकाठचे पोलिश शहर

मराठी प्रवासवर्णनातले युरोपीय शहर बहुधा तीन गोष्टींनी बनलेले असते : पाहण्याजोग्या वास्तू, चाखण्याजोगे पदार्थ आणि निवांत बसण्याजोगा चौक. पोलंडमधील क्राकूव या तिन्ही कसोट्यांना उतरते. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते राजधानीचे शहर होते. वावेल टेकडीवरचा राजवाडा, विस्तीर्ण चौकातली जुनी कापडपेठ, १३६४ साली स्थापन झालेले विद्यापीठ हे सारे आजही उभे आहे. १९७८ साली युनेस्कोने पहिली जागतिक वारसा यादी केली, तीत या शहराचा समावेश होता. तिथला 'पिएरोगी' हा पदार्थ पाहून कोकणी माणसाला उकडीची करंजी आठवावी. फक्त पारी गव्हाची आणि सारण बटाटा व पनीरसदृश चीजचे.

मात्र वास्तू टिकल्या म्हणजे शहर टिकले, असे म्हणता येते का? ६ नोव्हेंबर १९३९ रोजी जर्मनांनी व्याख्यानाच्या निमित्ताने याच विद्यापीठातील अध्यापकांना एकत्र बोलावले आणि १८० हून अधिक जणांना अटक करून छळछावण्यांत धाडले. इमारतीला धक्का लागला नाही. पूर्वेकडील ल्वूव शहराची कथा याहून बोलकी आहे. युद्धानंतर सीमा सरकल्या आणि शतकानुशतके पोलिश संस्कृतीचे केंद्र असलेले हे शहर सोव्हिएत युक्रेनमध्ये गेले. तिथली चर्चे, रस्ते, घरे राहिली. पोलिश रहिवाशांपैकी बहुतेकांना मात्र शहर सोडावे लागले. आज ते युक्रेनमधील ल्विव्ह आहे.

वास्तू आहेत पण माणसे गेली, असे हे शहर. याच्या नेमके उलट, म्हणजे माणसे आहेत पण वास्तू नाहीत असे एक पोलिश शहर काही वर्षे आपल्या महाराष्ट्रात होते. कोल्हापूरजवळचे वळिवडे ते हेच.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना १९४० आणि १९४१ मध्ये सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर आक्रमण केल्यावर समीकरणे बदलली, या कैद्यांची सुटका झाली आणि त्यांपैकी लाखाहून अधिक लोक १९४२ मध्ये इराणात पोचले. त्यांतलीच काही मुले नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला आश्रयास घेतली. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश राहिले. त्यांत मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते.

बराकींच्या रांगा उभारून सरकारने छावणी दिली. तिचे शहर केले ते तिथल्या रहिवाशांनी. शाळा, चर्च, इस्पितळ, नाटके, बालवीर पथके हे सारे पोलिश भाषेत सुरू झाले. प्रकृतीसाठी काहींना पाचगणीला पाठवले जाई. मायदेश नकाशावरून पुसला गेला असताना मुलांना त्याची भाषा, कविता आणि इतिहास शिकवणे हेच या शहराचे मुख्य काम होते. साहित्याच्या अध्यापकाला आपल्या व्यवसायाचे मोल इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

युद्ध संपले, पण घरी जाण्याचा प्रश्न सुटला नाही. यांतल्या बहुतेकांची घरे ज्या पूर्व प्रांतांत होती, ते प्रांत आता पोलंडमध्येच नव्हते. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित निर्वासित पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. कोणी कम्युनिस्ट पोलंडला परतले, बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेकडे गेले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि त्या जागी फाळणीने विस्थापित केलेले सिंधी बांधव आले. ती वसाहत म्हणजे आजचे गांधीनगर. एका घर हरवलेल्या समाजाच्या बराकींत दुसरा तसाच समाज राहिला आणि त्याने तिथे कापडाची मोठी पेठ उभी केली.

दापोलीला अजूनही 'कॅम्प' म्हणतात. ब्रिटिशांची लष्करी छावणी गेली, शब्द राहिला. बुरोंडीला येणारा पाहुणा परशुरामाची मूर्ती आणि समुद्र पाहून, मासे खाऊन परततो. या शब्दामागचा इतिहास त्याच्या वाटेत येत नाही. पर्यटनाचा हा दोष नव्हे, ती त्याची मर्यादा आहे. दिसते तेवढेच पर्यटन दाखवते. न दिसणारे दाखवणे हे लेखनाचे काम आहे, आणि आपले प्रवासवर्णन मात्र पुष्कळदा पर्यटनाच्याच मर्यादेत थांबते.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे अभिवादन केले. पोलिश भाषेत या वास्तव्याच्या आठवणी त्या निर्वासितांनी ग्रंथरूपाने जतन केल्या आहेत. वळिवड्याच्या परिसरातल्या ज्या मराठी माणसांनी हे शहर शेजारून पाहिले, त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे काम मराठी विभागांचे आहे. ती पिढी आता नव्वदीच्या घरात आहे. क्राकूव आणखी काही शतके वाट पाहील. या साक्षीदारांना तेवढी उसंत नाही.