क्वीन, पाचगणी आणि मामाची गाडी

पुण्यात वाढलेल्या माणसाला 'क्वीन' म्हटलं की आधी डेक्कन क्वीन आठवते. अकरावीपर्यंत मलाही दुसरी क्वीन माहीत नव्हती. मग १९८९ मध्ये एका मित्राच्या मोठ्या भावाकडून एक नव्वद मिनिटांची कॅसेट हातात आली. तेव्हा रिकामी कॅसेट दुकानात नेऊन दिली की हवी ती रेकॉर्ड भरून मिळायची, त्यातलीच ही. एका बाजूला क्वीनचा पहिला अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा. वर बॉलपेनने फक्त 'क्वीन १-२' असं लिहिलेलं.

आमच्या घरी भीमसेनअण्णा आणि बिनाका यांच्या पलीकडे काही वाजत नसे. त्यामुळे ही कॅसेट मी दार लावून ऐकायचो. पहिल्यांदा ऐकली तेव्हा खरं सांगायचं तर काही कळलं नाही. गाणं सुरू होतं एका चालीत, मध्येच थांबतं, लय बदलतं, चार-पाच आवाज एकावर एक चढतात आणि गिटार व्हायोलिनसारखी ओरडायला लागते. पण पुन्हा पुन्हा लावत राहिलो.

तर मंडळी, आजची पोस्ट त्या अल्बमबद्दल आहे, आणि त्याच्याशी जोडलेल्या आमच्या घरातल्या एका गोष्टीबद्दलही. ती गोष्ट मी गेली तीस-बत्तीस वर्षं हॉस्टेलवर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत सांगत आलो आहे. नातेवाईकांपैकी कुणी वाचत असेल तर आधीच माफी मागून ठेवतो.

आधी अल्बम. १३ जुलै १९७३ ला इंग्लंडमध्ये तो बाजारात आला. चौघंही शिकलेली पोरं. ब्रायन मे खगोलशास्त्रात पीएचडी करत होता, रॉजर टेलरने दंतवैद्यकाचा अभ्यास सोडून जीवशास्त्र घेतलेलं, जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सवाला, आणि गायक ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाईन शिकलेला. बँडचं चिन्हही त्यानेच काढलं, चौघांच्या राशी घालून. (पत्रिका न जुळवता राशी वापरणारा पहिला पारशी!) ब्रायनची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. आणि तो ती वाजवतो सहा पेन्सच्या नाण्याने.

पैसे नव्हते. लंडनच्या सोहोमधल्या ट्रायडंट स्टुडिओशी त्यांचं जमलं, पण स्टुडिओ मिळायचा तो पैसे देणारी गिऱ्हाईकं निघून गेल्यावर, रात्री-अपरात्री. १९७२ मधलं बरंचसं रेकॉर्डिंग असं उरल्यासुरल्या वेळात झालं. त्यामुळे ड्रमचा आवाज त्यांना हवा तसा कधी मिळालाच नाही. एक गाणं तर त्यांनी आधी, १९७१ मध्ये, दुसऱ्या एका नव्या स्टुडिओत नमुना म्हणून केलेलं होतं, तेच तसंच अल्बमवर घेतलं, कारण नव्याने केलेलं त्यांना पटेना. अल्बम तयार झाल्यावरही कंपनी मिळेपर्यंत महिने गेले. पहिलं गाणं 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' सुटं प्रसिद्ध झालं आणि कुठल्याही यादीत न येता बुडालं. मुखपृष्ठामागे त्यांनी मुद्दाम छापलं होतं की यात कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. इतकी मेहनत केल्यावर लोकांना ते यंत्राचं काम वाटू नये, एवढीच त्यांची चिंता!

मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते 'माय फेअरी किंग'. पियानो गायकाचाच. सगळं एका काल्पनिक देशाबद्दल, 'ऱ्ही' नावाच्या. अल्बम संपतो तोही त्याच देशाच्या नावाच्या एका छोट्याशा तुकड्यावर, शब्दांशिवाय. गाण्यात ब्राऊनिंगच्या बासरीवाल्याच्या कवितेतले शब्द उचललेले आहेत. आणि त्यातच एका ओळीत आईला मर्क्युरी म्हटलं आहे. ब्रायन मेच्या सांगण्यानुसार गायकाने तिथूनच आपलं आडनाव बदललं. तोवर तो फ्रेडी बुलसारा होता.

बुलसारा म्हणजे बुलसारचे, आजच्या वलसाडचे. वडील बोमी झांझिबारला इंग्रज सरकारच्या नोकरीत कॅशियर. मुलगा फारुख १९४६ चा, आणि आठ वर्षांचा झाल्यावर त्याला बोटीने इकडे पाठवला, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. आठ वर्षांचं पोर! माझी मुलगी आठ वर्षांची होती तेव्हा आजोळी दोन रात्री राहिली तर तिसऱ्या दिवशी फोनवर रडायची.

तिथे हेडमास्तरांना त्याचा कान लक्षात आला, पियानोची शिकवणी लागली, शाळेच्या कॉयरमध्ये गायला लागला. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्यात फ्रेडी गायक नव्हता, पियानोवर होता. गायचा ब्रूस मरे. बाकीच्यांपैकी व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाले, डेरिक ब्रँच इंग्लंडात नट झाला, आणि फरांग इराणी आपल्या पुण्यातच बाउंटी सिझलर्स चालवायचे. म्हणजे कॉलेजात असताना आम्ही वर्गणी काढून एक सिझलर पाच जणांत खायचो, तेव्हा शेजारी केवढा इतिहास बसलेला असेल ते आम्हाला कुठं ठाऊक.

त्या पहिल्या अल्बमवर 'जीझस' नावाचं गाणं आहे. पारशी घरातल्या मुलाने येशूवर गाणं का लिहावं, याचं लोकांना नवल वाटतं. मला नाही वाटत. चर्चच्या शाळेत आठ-नऊ वर्षं काढलेल्या मुलाच्या कानात ते असणारच. एकावर एक रचलेले ते आवाजही मला कॉयरचेच वाटतात. हे माझं मत, कुणी पुरावा मागू नये.

आता घरची गोष्ट. माझं आजोळ वाईचं. मामा एसटीत कंडक्टर, बरीच वर्षं वाई–पाचगणी–महाबळेश्वर. नोव्हेंबर १९९१ मध्ये फ्रेडी गेला तेव्हा मामा डोळे दाखवायला पुण्यात आमच्याकडे आलेला. पेपरात फोटो होता. मी तोंड पाडून बसलेलो. मामाने चष्मा वर करून फोटो पाहिला आणि म्हणाला, "आरं, ह्यो तर आपल्या गाडीत बसायचा की! पुढचं दात बघ. पसरणीच्या घाटात हमखास ओकायचा. म्या खिशातला आवळा द्यायचो त्याला."

मी उडालोच. साल विचारलं तर म्हणाला, "साल कोन ध्यानात ठेवतंय!" त्या दिवसापासून मामा माझ्यासाठी देव झाला. खरं तर आमचं फारसं जमत नसे. तो गाण्यातला नाही, मी शेतीतला नाही. पण नंतर वाईला गेलो की तो स्वतःहून विचारायचा, "काय म्हनतोय तुजा दातवाला?" आणि मी चक्क वॉकमन त्याच्या कानाला लावायचो. अर्धं मिनिट ऐकून म्हणायचा, "गाडीच्या इंजिनागत हाय, पर ब्येस हाय."

मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. यंदा वाईच्या घराची कौलं उतरवायची म्हणून ट्रंका रिकाम्या केल्या, त्यात त्याचं सेवापुस्तक सापडलं. नेमणूक जून १९६५. मी ते पान दोनदा वाचलं. फ्रेडी १९६३ च्या सुरुवातीला झांझिबारला परत गेला होता. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, आणि मामाच्या हातात तिकिटाची पेटी आली तेव्हा बुलसारा कुटुंब लंडनजवळ फेल्टमला जाऊन वर्ष उलटलं होतं. आधीचं काही जमतंय का तेही पाहिलं. मामाचा जन्म १९४३ चा, फ्रेडी पाचगणीत होता तेव्हा हा स्वतःच शाळेत. म्हणजे नाहीच.

त्या पानाचा फोटो काढून ठेवला आणि आठवडाभर कुणाला बोललो नाही. मामा माझी समजूत काढायला खोटं बोलला, की त्याला खरंच तसं वाटलं? दोन्हींत फरक आहे, आणि तो मला आता कधीच कळणार नाही. पण ज्या ज्या लोकांना मी ही गोष्ट सांगितली त्यांना खरं सांगायला हवं, म्हणून हा पोस्टप्रपंच. त्या अल्बमचंही २०२४ मध्ये नव्याने मिक्सिंग झालं; ड्रमचा आवाज बदलला, तेव्हा वगळलेलं एक गाणं परत आत घेतलं. मी ते ऐकलं. उत्तम आहे. तरी मला जुन्या कॅसेटचाच आवाज ओळखीचा वाटतो, घरघरीसकट.

शेवटी मामीला फोन केला. तिला फ्रेडीबिडी माहीत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते मला ठावं न्हाई बाबा. पर त्या साळंतली पोरं घाटात ओकायची खरी. आवळं म्याच बांधून द्यायची, रोज पावशेर."