गुलाबी वाड्यातल्या कण्या

इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते. कुठल्याही जुन्या वास्तूपाशी गेला की त्याचे पाय आधी पाटीकडे वळतात. वाडा कोणी बांधला, कधी बांधला, पुढे कोणाच्या ताब्यात गेला, एवढे वाचल्याखेरीज त्याला उंबरठा ओलांडवत नाही. उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयता अमेरिकेत मुलीकडे गेलो होतो. अटलांटाहून चार तासांचा प्रवास करून तिने आम्हाला जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना या बंदराच्या गावी नेले. संध्याकाळी जेवायला एका दोनशे वर्षांपूर्वीच्या वाड्यात जायचे ठरले होते. मी दाराशीच थबकलो, तशी मुलगी म्हणाली, "बाबा, पाटी नंतर वाचा. आधी आत चला, टेबल राखून ठेवलंय."

रेनॉल्ड्स चौकासमोरचा हा वाडा 'ओल्ड पिंक हाऊस' म्हणून ओळखला जातो. जेम्स हॅबरशॅम (धाकटे) यांनी १७७१ मध्ये त्याचे बांधकाम काढले. मध्येच अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध आले आणि घर पुरे व्हायला १७८९ साल उजाडले. म्हणजे तिकडे फ्रान्समध्ये बॅस्तिल पडले त्या वर्षी. भिंती लाल विटांच्या, वरून पांढरा गिलावा. विटांचा तांबूसपणा गिलाव्यातून झिरपत राहिला आणि घर गुलाबी दिसू लागले, असे सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे प्लँटर्स बँक आली, विसाव्या शतकात चहापानगृह निघाले आणि १९७१ पासून हे उपाहारगृह आहे. बँकेच्या तिजोरीच्या खोल्यांत आता मद्याच्या बाटल्या ठेवतात.

आत मंद उजेड, लाकडी जमीन, भिंतीवर जुनी तैलचित्रे. खाद्यपदार्थांची यादी बहुतेक समुद्राची: खेकड्याचे सूप, आपल्याकडच्या लेप माशासारखा चपटा फ्लाउंडर, कालवे, कोळंबी. मुलीने आमच्यासाठी या किनाऱ्याचा खास पदार्थ मागवला, 'श्रिंप अँड ग्रिट्स'. बशी समोर आली. पांढऱ्या, दाटसर, वाफाळत्या लगद्यावर परतलेली कोळंबी. सौ.ने चमच्याने थोडे चाखले आणि मोठ्यानेच म्हणाली, "अहो, ह्या तर कण्या!"

खरेच कण्या होत्या. आपल्याकडे जोंधळ्याच्या, तिकडे मक्याच्या. शेजारच्या कानडी घरात आपण ज्याला नुच्चू म्हणतो, ताक घालून खातो, तेच. भरडलेल्या मक्याची ही पेज तिकडच्या मूळ रहिवाशांची. गोऱ्यांनी ती त्यांच्याकडून उचलली. तिच्यावर कोळंबी घालून न्याहारी करायचे ते किनाऱ्यावरचे कोळी आणि गरीब लोक. आज तीच बशी झुंबराखाली, पांढऱ्या रुमालासोबत येते. माझ्यातला मास्तर जागा झाला. वाडा हॅबरशॅमचा, हे पाटीने सांगितले होते. बशी कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला वाड्याच्या आधीच्या पिढीकडे जावे लागते. सव्हाना गाव १७३३ मध्ये जेम्स ओगलथॉर्प यांनी वसवले. नवलाची गोष्ट अशी, की या वसाहतीत १७३५ मध्ये गुलामगिरीला कायद्याने बंदी घालण्यात आली होती. शेजारच्या दक्षिण कॅरोलिनात गुलामांच्या जिवावर भाताचे पीक सोने पिकवत होते. ते पाहून जॉर्जियातल्या जमीनदारांना आणि व्यापाऱ्यांना ही बंदी काचू लागली. ती उठवावी असा आग्रह धरणाऱ्यांत थोरले जेम्स हॅबरशॅम होते. हे गृहस्थ मुळात अनाथ मुलांच्या आश्रमात शिक्षक म्हणून आलेले! १७५१ मध्ये बंदी उठली. हॅबरशॅम पुढे मोठे भातमळेवाले झाले. त्यांच्याकडे जवळजवळ दोनशे गुलाम होते. १७७१ ते १७७३ त्यांनी हंगामी गव्हर्नरपदही सांभाळले. ते स्वतः इंग्रज राजाशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिले, आणि त्यांचे तिन्ही मुलगे स्वातंत्र्याच्या बाजूला गेले. ते स्वातंत्र्य मळ्यावरच्या माणसांपर्यंत मात्र पोचले नाही.

भात पिकवणे ही बळाची गोष्ट नव्हे, ती विद्या आहे, हे आपल्या खानापूर-चंदगडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ही विद्या इंग्लंडहून आलेल्या लोकांपाशी कुठली असणार? पश्चिम आफ्रिकेच्या सेनेगल, गँबिया, सिएरा लिओन या पट्ट्यात शेकडो वर्षे भात पिकत होते. तिथून धरून आणलेली माणसे ही जाण सोबत घेऊन आली, असे अनेक इतिहासकार मानतात. दलदल उपसून बांध घालायचे, बांधाला लाकडी दारे बसवायची आणि भरतीच्या जोराने वर चढलेले नदीचे गोडे पाणी त्यांतून शेतात घ्यायचे. गोव्यातली खाजण शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना चटकन मानस आठवेल. आपल्याकडे मानशीच्या दाराने खारे पाणी अडवायचे, तिकडे गोडे पाणी आत घ्यायचे. पण भरती-ओहोटीला कामाला जुंपण्याची युक्ती तीच. पुढे तोच भात बायका उखळात मुसळाने कांडत आणि गवताच्या गोल, पसरट टोपल्यांनी पाखडत. कांडलेल्या तांदळातला फुटका तुकडाच पुष्कळदा त्यांच्या वाट्याला येई. इथेही पुन्हा कण्याच!

या लोकांची नावे कुठे सापडतात? मार्च १८५९ च्या २ आणि ३ तारखांना सव्हानाबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात एका कर्जबाजारी मळेवाल्याने चारशेहून अधिक माणसे लिलावात विकली. दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता. त्या लिलावाला लोक 'रडण्याची वेळ' म्हणू लागले. विक्रीच्या छापील यादीत प्रत्येकाचे नाव, वय, काम नोंदले होते, आणि त्यांत भातशेतीचे काम जाणणारे अनेक होते. नाव लिहिले गेले, कारण त्याला किंमत लागायची होती. या घटनेची पाटी गावात लागायला २००८ साल उजाडावे लागले.

पण पाटी नसली तरी एक दफ्तर शाबूत राहिले होते, ते स्वयंपाकघराचे. भेंडी घातलेल्या रश्शाला तिकडे 'गंबो' म्हणतात. हा शब्द आफ्रिकेतला, मूळ अर्थ भेंडीच. भुईमुगाच्या शेंगेला दक्षिणेत 'गूबर' म्हणत, तोही तिथलाच. दुकानातून सौ.ने तिळाच्या पातळ कुरकुरीत वड्या घेतल्या. त्यांचे नाव 'बेन्ने'. मला वाटले, कानडी बेण्णे, म्हणजे लोण्याच्या असतील! चौकशी केल्यावर कळले, बेन्ने म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या भाषांत तीळ. या किनाऱ्यावरच्या आफ्रिकी वंशजांना गुल्ला-गीची म्हणतात. त्यांची वेगळी बोली अजून टिकून आहे. मालकांनी माणसांची नावे बदलली, मुले तोडून विकली. पण रोज दोन वेळा चुलीपुढे उच्चारले जाणारे शब्द कोणाला पुसता आले नाहीत. सीमाभागातल्या आपल्याला पाटीचे मोल वेगळे सांगायला नको. तरीसुद्धा पाटीखेरीज आणखी कुठे भाषा जगते, हे मला त्या टेबलाशी उमगले.

परतल्यावर एक गोष्ट मनाला टोचू लागली. आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत शाळेचा इतिहास मीच लिहिला होता. देणगीदार, अध्यक्ष, मुख्याध्यापक, इमारतीची कोनशिला, सारे त्यात आहे. त्याच शाळेच्या वसतिगृहात मी पाच वर्षे राहिलो. तिथे आम्हा चाळीस पोरांना रोज सकाळी ताकातल्या कण्या वाढणाऱ्या बाईंचा त्यात उल्लेखही नाही. आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. त्या मराठीत रागवत आणि कानडीत समजूत काढत. सव्हानाच्या मळ्यावरचे दुःख आणि अक्कांची नोकरी यांची तुलना मी करणार नाही, ती दोन्हीकडे अन्याय करील. पण विसरण्याची रीत सारखीच होती, आणि इथे विसरणारा मी होतो.

वसतिगृहाची जुनी वेतनपत्रके कपाटातून काढली. "स्वयंपाकीण – १" एवढीच नोंद, पुढे रक्कम आणि अंगठा. तीन वर्षांची पाने चाळली, तिन्हींत तेच. मग माझ्या वर्गातल्या जुन्या मित्रांना एकेक करून फोन केले. कोणाला त्यांची हिरवी काठाची साडी आठवते, कोणाला करपलेला वास, कोणाला मिळालेली चापट. नाव कोणालाच आठवत नाही.

स्मरणिकेची पुरवणी आम्ही काढतो आहोत. तिच्या पहिल्या पानावर तो अंगठा छापायचे ठरवले आहे. नावाची जागा मोकळी ठेवली आहे. वाचकांपैकी कोणी त्या वसतिगृहात जेवले असेल आणि कोणाला अक्कांचे नाव ठाऊक असेल, तर त्यांनी मला अवश्य कळवावे.