वेष्टनावर नाव नव्हते

काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या, थरथरत्या रेषांची डोंगररांग छापलेला टी-शर्ट आपण कोठे ना कोठे पाहिलेला असतो. तो घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती नुसती नक्षी वाटते. प्रत्यक्षात ती आहे एका मृत ताऱ्याची नाडी. हा धागा त्या चित्राचा आहे. ते काळ्या कागदावर आणणाऱ्या पीटर सॅव्हिल या आरेखनकाराचा आहे. आणि कलावंताला नकार देणारा माणूसच जिच्यात कोणी नेमला नव्हता, अशा मँचेस्टरच्या एका छोट्या ध्वनिमुद्रिका कंपनीचाही आहे.

प्रारंभ खगोलशास्त्रापासून करावा लागेल. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल ही चोवीस वर्षांची संशोधक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीतून निघणाऱ्या कागदाच्या लांबच लांब पट्ट्या डोळ्यांनी तपासत होती. त्या पट्ट्यांवर तिला एक बारीकसा ओरखडा पुन्हापुन्हा दिसू लागला. दर १.३३७ सेकंदांनी, अत्यंत नियमितपणे, आकाशातील एकाच जागेवरून कोणी तरी ठोका देत होते. हा पहिला ज्ञात पल्सार, सीपी १९१९. स्वतःभोवती गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा हा रेडिओ-झोत. १९७४ साली या शोधासाठी नोबेल मिळाले ते तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना. बेल यांचे नाव त्यात नव्हते, आणि त्याची चर्चा अजून शमलेली नाही. (मराठी वाचकाला पल्सारचे वेड परके वाटू नये. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या याच जातीच्या ताऱ्यांचे ठोके टिपत असतात.)

पुढे हॅरल्ड क्राफ्ट या अमेरिकन संशोधकाने पोर्तो रिकोमधील अरेसिबो येथील दुर्बिणीवर याच ताऱ्याचे निरीक्षण केले. एकामागून एक आलेले ठोके संगणकाकडून एकाखाली एक काढून घेतले, पुढची रेघ मागच्या रेघेला झाकील अशा रीतीने. एकूण ऐंशी रेघा. १९७० साली कॉर्नेल विद्यापीठाला सादर केलेल्या त्याच्या प्रबंधात हा आलेख होता. तेथून तो 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात आणि १९७७ साली केंब्रिजच्या खगोलशास्त्र विश्वकोशात गेला. ज्ञानाच्या पुस्तकातली ही एक आकृती होती, इतकेच. तिची दुसरी जन्मकथा एका औद्योगिक शहरात घडायची होती.

सत्तरच्या दशकातले मँचेस्टर हे एकेकाळी सुतगिरण्यांनी जगाला कापड पुरवणारे आणि आता ओस गुदामांनी भरलेले शहर. संगीताचा सारा कारभार लंडनमध्ये. ध्वनिमुद्रिका काढायची तर तेथील मोठ्या कंपन्यांचे उंबरठे झिजवायचे, ही रीत. तिला पहिला धक्का बसला तो ४ जून १९७६ रोजी. मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये दोन स्थानिक तरुणांनी 'सेक्स पिस्टल्स'चा कार्यक्रम ठेवला. श्रोते अगदी मोजके. परंतु त्या मोजक्यांतील अनेकांनी पुढे स्वतःचे बँड काढले. आयोजक तरुणांनी तर 'बझकॉक्स' या आपल्या बँडसाठी आप्तमित्रांकडून सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या एक हजार प्रती संपल्या आणि मागणी वाढतच गेली.

ही घटना दिसते त्याहून मोठी आहे. तबकडी छापणारा कारखाना, वेष्टन छापणारा छापखाना आणि प्रती ठेवून घेणारा दुकानदार हे तिघे भेटले की काम भागते. कोणाच्या परवानगीची गरज नाही, हे त्या हजार प्रतींनी दाखवून दिले. 'स्वतंत्र' संगीताचा मूळ अर्थ हाच होता. तो शैलीचा शब्द नव्हता, व्यवहाराचा होता. पुढे अशा कंपन्या इतक्या झाल्या की ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून त्यांच्या विक्रीची वेगळी क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली.

पीटर सॅव्हिल त्या सुमारास मँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये ग्राफिक डिझाइन शिकत होता. कलेशी त्याची ओळख संग्रहालयात झाली नव्हती. ती झाली अल्बमच्या दुकानात. क्राफ्टवर्क या जर्मन चमूच्या 'आउटोबान'च्या ब्रिटिश आवृत्तीवर निळ्या रंगावर महामार्गाचे पांढरे चिन्ह होते, दुसरे काही नाही. एका चिन्हात एवढा प्रवास मावू शकतो, हे त्याने तेथे पाहिले. त्याचा सहाध्यायी माल्कम गॅरेट बझकॉक्सची वेष्टने करीत असे. गॅरेटच्या संग्रहातील हर्बर्ट स्पेन्सर यांच्या आधुनिक मुद्राक्षरकलेवरील पुस्तकात सॅव्हिलला यान चिखोल्ड भेटला. पंकची वेष्टने तेव्हा फाडलेल्या वर्तमानपत्रांची आणि खंडणीच्या चिठ्ठीसारख्या अक्षरांची असत. सॅव्हिलने त्याच्या नेमकी उलट वाट धरली. शांत, मोजून मांडलेली, भरपूर रिकामी जागा ठेवणारी.

१९७८ साली पॅटी स्मिथच्या एका कार्यक्रमात त्याने टोनी विल्सनला गाठले. विल्सन हा ग्रॅनडा दूरचित्रवाणीवरचा निवेदक, बोलका, सुशिक्षित, थोडा आढ्यताखोर आणि शहरावर जीव असलेला. अभिनेता मित्र अ‍ॅलन इरास्मस याच्यासह तो 'फॅक्टरी' नावाने संगीताच्या रात्री सुरू करणार होता. सॅव्हिलने भित्तिपत्रक करून दिले. कारखान्यात कानांचे रक्षण करण्याची सूचना देणाऱ्या फलकावरून ते बेतले होते. पिवळ्या रंगाचे ते देखणे पत्रक हाती पडले तेव्हा कार्यक्रम उलटून गेला होता! विल्सनने रागावण्याऐवजी त्याला 'फॅक १' असा क्रमांक दिला. पुढे फॅक्टरी ध्वनिमुद्रिका कंपनी झाली आणि त्या क्रमांकांची वही वाढत गेली. तीत तबकड्या होत्या, नाइटक्लब होता, एक खटला होता, व्यवस्थापकाच्या दातांचे बिल होते आणि क्लबातले मांजरही होते.

कंपनीचा करार तिच्या स्वभावाला साजेसाच. ध्वनिमुद्रणांची मालकी संगीतकारांची, कंपनीची काहीही नाही. नफा निम्मा निम्मा. आणि ज्याला जेव्हा सोडून जायचे असेल त्याने जावे. विल्सनने या मजकुरावर स्वतःच्या रक्ताने सही केल्याचे सांगतात. नाटकीपणा सोडला तरी मागचा विचार खरा होता. आणि तोच पुढे कंपनीला बुडवणार होता.

'जॉय डिव्हिजन' हा चार तरुणांचा बँड. गायक इयन कर्टिस हा मॅकल्सफील्ड येथे नोकरी करणारा, अपस्माराने पीडित, वाचनाचे वेड असलेला. एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत मार्टिन हॅनेटने त्यांचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. रंगमंचावर अंगावर येणारे त्यांचे संगीत हॅनेटने थंड, खोल पोकळीत नेऊन ठेवले. त्यात लिफ्टचा आवाज आहे, काच फुटल्याचा आवाज आहे, आणि वाद्यांच्या मध्ये विलक्षण अंतर आहे. गिटारवादक बर्नार्ड सम्नर व बासवादक पीटर हूक यांना ते मुळीच आवडले नव्हते.

वेष्टनासाठी बँडनेच चित्र आणून दिले, विश्वकोशातला तो ऐंशी रेघांचा आलेख. मुळात तो पांढऱ्यावर काळा होता आणि बँडला बाहेरून पांढरेच वेष्टन हवे होते. सॅव्हिलने ते उलटवले. अवकाश काळे असते, एवढे साधे कारण. आकृती लहान करून मध्यावर ठेवली, भोवती काळोख सोडला, कागद खरबरीत निवडला. समोर ना बँडचे नाव, ना अल्बमचे. लंडनच्या कोणत्याही विक्री-व्यवस्थापकाने हा कागद हातातही घेतला नसता, कारण ग्राहकाने ओळखायचे कसे? फॅक्टरीत विक्री-व्यवस्थापकच नव्हता.

या कथेतील सर्वांत हृद्य भाग येथे येतो. वेष्टन पुरे होईपर्यंत सॅव्हिलने अल्बम ऐकलाच नव्हता. काम द्यायला तो व्यवस्थापक रॉब ग्रेटनच्या घरी गेला, तेव्हा ग्रेटनने त्याला चाचणीची तबकडी ऐकवली. आवडले नाही तर चेहरा कसा ठेवावा, ही त्याची धास्ती. काही क्षणांतच त्याच्या ध्यानात आले की आपण एका असामान्य कृतीचा भाग झालो आहोत. डोळ्यांनी केलेले काम कानांनी केलेल्या कामाशी न ऐकताच जुळले होते. याला योगायोग म्हणणे सोपे आहे. पण रिकाम्या जागेचा धीर हॅनेट आणि सॅव्हिल दोघांकडेही होता, आणि दोघांनाही घाई करणारे कोणी नव्हते. 'अननोन प्लेझर्स' जून १९७९ मध्ये दहा हजार प्रतींनिशी बाहेर पडला.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी हाच मोकळेपणा सॅव्हिलच्या गळ्याशी आला. 'क्लोजर'साठी बँडने त्याच्याकडील छायाचित्रांतून एक निवडले. बर्नार्ड पिएर व्होल्फ याने टिपलेले, जिनोआच्या स्टॅल्येनो दफनभूमीतील समाधिशिल्पाचे, मृताभोवती शोकाकुल आकृती वाकल्या आहेत असे. निवड झाली, छपाईची तयारी झाली. १८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, इयन कर्टिसने आत्महत्या केली. वय तेवीस. बातमी कळताच सॅव्हिलने विल्सनला बजावले की वेष्टनावर समाधी आहे, लोक काय म्हणतील? वेष्टन बदलले नाही. जुलैमध्ये अल्बम आला आणि मृत्यूचा बाजार मांडल्याचा संशय व्यक्त झालाच. परंतु ते चित्र निवडणाऱ्यांत स्वतः कर्टिसही होता. वेष्टन बदलले असते तर त्याची ती निवडही पुसली गेली असती. विल्सनचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

उरलेल्यांनी 'न्यू ऑर्डर' नाव घेतले. १९८३ साली त्यांच्याकडे गेलेल्या सॅव्हिलला संगणकाची फ्लॉपी प्रथमच दिसली आणि वस्तू म्हणून ती त्याला फार आवडली. 'ब्लू मंडे'चे वेष्टन त्याने फ्लॉपीसारखेच केले, खिडक्या कापलेले. नाव रंगांच्या सांकेतिक पट्ट्यांत लिहिले. त्या लिपीची किल्ली दिली पुढच्या 'पॉवर, करप्शन अँड लाइज' या अल्बमच्या पाठीवर. त्याच्या दर्शनी बाजूला होते आँरी फाँतँ-लातूर याचे १८९० सालचे गुलाबांच्या टोपलीचे चित्र, लंडनच्या नॅशनल गॅलरीतले. सत्ता आणि भ्रष्टाचाराच्या नावाखाली गुलाब! कापीव वेष्टन इतके महाग पडले की प्रत्येक प्रतीमागे कंपनीला काही पेन्सचा तोटा होई, ही कथा विल्सन स्वतःच रंगवून सांगे. पुढे स्वस्त वेष्टन आले. मात्र ते गाणे ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली बारा इंची तबकडी ठरले.

पैसा येत होता आणि १९८२ साली उघडलेल्या 'हासिएंडा' क्लबात तो मुरत होता. पुढे कार्यालयाची महागडी इमारत झाली, 'हॅपी मंडेज'चे बार्बाडोसमधले उधळे ध्वनिमुद्रण झाले. १९९२ साली लंडन रेकॉर्ड्स ही मोठी कंपनी फॅक्टरी विकत घ्यायला आली तेव्हा जुना कागद पुढे आला. संगीताची मालकी संगीतकारांची होती, मग विकत घ्यायचे काय? सौदा फिसकटला आणि नोव्हेंबरात फॅक्टरीचे दिवाळे निघाले. करारातील उदारतेचे फळ बँडला मिळाले. ज्यांची येणी राहिली ते पुरवठादार मात्र त्या उदारतेत कोठेच नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

रेषांनी आपला प्रवास चालू ठेवला. २००३ साली बेल्जियन वस्त्ररचनाकार राफ सिमन्सने सॅव्हिलच्या संग्रहातील चित्रे कोटांवर छापली. त्याच वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये सॅव्हिलचे प्रदर्शन भरले. २०१२ साली डिस्नेने त्या रेषांतून मिकी माउसचा आकार काढून टी-शर्ट विक्रीस ठेवला आणि ओरड होताच मागे घेतला. हॅरल्ड क्राफ्टला मात्र आपला आलेख वेष्टनावर गेल्याचे एका सहकाऱ्याकडून कळले होते. तो दुकानात गेला आणि आपलेच चित्र असलेला अल्बम पैसे देऊन घेऊन आला.

टोनी विल्सन १० ऑगस्ट २००७ रोजी वारला. त्याच्या शवपेटीला 'फॅक ५०१' हा क्रमांक देण्यात आला. मँचेस्टरच्या सदर्न सिमेटरीतील थडग्यासाठी काळ्या ग्रॅनाइटचा शिलालेख करण्याचे काम सॅव्हिल आणि क्लबाचा वास्तुरचनाकार बेन केली यांच्याकडे आले. दगड उभा राहिला २०१० सालच्या ऑक्टोबरात, तीन वर्षे उशिरा.