लोणावळा–खोपोली जलविद्युत योजना

मावळातील (जि. पुणे) लोणावळा, वलवण व शिरोता या तलावांचे पाणी बोरघाटाखाली खोपोलीस (जि. रायगड) सोडून वीज निर्माण करणारी योजना. प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी उभारलेली ही योजना १९१५ मध्ये सुरू झाली. पाण्यावर चालणारी जुनी गिरणी पाहायची, तर महाराष्ट्रात लोक छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीकडे जातात. तेथे अठराव्या शतकात दूरच्या झऱ्याचे पाणी नळांतून आणून जाते फिरवीत आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकिरांसाठी पीठ दळीत. ही योजनाही एका अर्थी पाण्यावर चालणारी गिरणीच, पण मावळातील या गिरणीला असे एक छप्पर नाही. तिचे पाणी घाटावर, चाक घाटाखाली आणि चात्या मुंबईच्या गिरणगावात होत्या. त्यामुळे ती एका जागी उभे राहून दिसत नाही, आणि बहुधा म्हणूनच कोणी ती पाहायला जात नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. एका अजस्र इंजिनावरून दोर व पट्ट्यांनी मजल्यामजल्यावरचे शाफ्ट फिरत. कोळशाच्या खाणी मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला, बंगाल-बिहारात. घाटमाथ्यावर पावसाळ्यात कोसळणारे पाणी अडवून त्यावर वीज करावी, ही कल्पना मुंबईतील वास्तुविशारद डेव्हिड गॉस्लिंग यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी १९०४ मध्ये निवर्तले आणि काम त्यांचे पुत्र दोराबजी टाटा यांच्याकडे आले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात कोनशिला बसवली. बॉयलर-इंजिनांत पैसा अडकलेल्या गिरणीमालकांना विजेकडे वळवणे हे धरण बांधण्याइतकेच जिकिरीचे काम होते.

योजनेची रचना मावळच्या पावसावर बेतलेली आहे. पाऊस चार महिने, गिरणी मात्र बारा महिने. म्हणून साठा हवा. नाणे मावळातील शिरोत्याचे पाणी बोगद्याने वलवणला येते. वलवण व लोणावळा येथून ते कालव्याने खंडाळ्याच्या कड्यापर्यंत जाते आणि पोलादी नळांतून सुमारे ५२५ मी. खाली खोपोलीच्या वीजकेंद्रात उतरते. पाणी बेताचे आणि उतार प्रचंड, अशा ठिकाणी अमेरिकेतील लेस्टर पेल्टन यांनी १८८० मध्ये पेटंट घेतलेले चाक उपयोगी पडते. त्याच्या कडेने मधोमध धार असलेल्या दुहेरी वाट्या बसवलेल्या असतात. तोटीतून सुटलेला फवारा या धारेवर आदळून दोन्ही बाजूंना वळतो आणि आपला जोर जवळजवळ सगळा चाकाला देतो. एवढ्या उंचीवरून आलेल्या फवाऱ्याचा वेग, घर्षण सोडल्यास, ताशी साडेतीनशे किमी.च्या पुढे जातो. तरीही हजार लिटर पाण्यातून जेमतेम सव्वा युनिट वीज मिळते. पाणचक्कीसारखा काही मीटरांचाच उतार असता, तर तेवढ्याच विजेला शंभरपटीहून अधिक पाणी लागले असते. खोपोलीची वीज एक लाख व्होल्ट दाबाच्या तारांवरून सुमारे ७० किमी. दूर परळला नेण्यात आली. केंद्राची आजची क्षमता ७२ मेगावॅट आहे.

हाच नमुना पुढे दोनदा वापरला गेला. आंदर मावळात ठोकरवाडी धरण होऊन त्याचे पाणी १९२२ पासून भिवपुरीस पडू लागले. मुळशी धरणाचे पाणी १९२७ पासून भिऱ्यास. मुळशीत मात्र जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हणत एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. त्याचे नेते पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी या लढ्याने दिली. लढा हरला, धरण झाले. या योजनांचा इतिहास बहुधा उद्योगपतींच्या दूरदृष्टीचा म्हणून सांगितला जातो. मुळशीचे प्रकरण वगळून तो सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

दुसरा वाद आजही मिटलेला नाही. इंद्रायणीच्या खोऱ्यातले पाणी स्वभावतः पूर्वेला भीमेत, तेथून कृष्णेत आणि बंगालच्या उपसागरात जायचे. योजनेने त्यातले बरेचसे पश्चिमेला वळवले. खोपोलीला चाक फिरवून सुटलेले पाणी पाताळगंगेत जाते आणि रसायनीपर्यंतच्या कारखान्यांना पुरते. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीत, तर भिऱ्याचे कुंडलिकेत. कोलाडचे राफ्टिंग भिऱ्याहून पाणी सुटण्यावर अवलंबून असते. भीमेच्या दुष्काळी खोऱ्यातून हे पाणी परत मागितले जाते, पण कोकणातील शहरे आणि कारखाने आता त्यावर वसलेले आहेत.

गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला ते गिऱ्हाईक गेले. चाके फिरतच आहेत, वीज शहराच्या इतर गरजांना जाते. २००० मध्ये तिन्ही जलविद्युत कंपन्या टाटा पॉवरमध्ये एकत्र आल्या. वलवणला १९७० च्या दशकापासून महसीर माशांची पैदासही केली जाते.

खोपोलीचे केंद्र चालू कारखाना असल्याने पूर्वपरवानगीशिवाय आत जाता येत नाही. डोंगरउतारावरून उतरणारे नळ मात्र खोपोली परिसरातून व घाटरस्त्यावरून दिसतात. साठ्याचे गणित समजून घ्यायचे, तर लोणावळ्याला दोनदा जावे: पावसाळ्याच्या अखेरीस तलाव काठोकाठ भरलेला असतो, मे महिन्यात त्याचा बराचसा तळ उघडा पडतो. पावसाळी गर्दीचे भुशी धरण या योजनेतले नव्हे. ते रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले.